मी, वाकड्या आणि अकरा मुलं

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मायक्रोस्कोप म्हणा हवं तर, मला दोन्ही नावं चालतात. 'दुर्बीण' मात्र म्हणू नका. एका समारंभात एका पाहुण्यांनी भर सभेत मला दुर्बीण म्हटलं होतं. त्या गोष्टीला पंधरा वर्षं झाली असतील, पण तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव जरा तापट आहे आणि स्वतःविषयी माझं मत बरंच चांगलं आहे. त्यापायी माझी एकदा चांगलीच फजिती झाली. तीच आज सांगणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पितळेची नळी, बिडाचा जड पाय, खाली उजेड पकडणारा गोल आरसा, आणि खरा जीव म्हणजे माझी भिंगं. भिंगं घासणारा कारागीर मोठा अबोल माणूस होता. प्रत्येक भिंग खिडकीजवळ धरायचा, डोळा बारीक करायचा आणि "हं" म्हणायचा. माझं भिंग धरून तो दोनदा "हं" म्हणाला. शेजारच्या पेटीतल्या माझ्या भावाला एकच "हं" मिळालं होतं, म्हणजे बघा!

तिथून मी एका मोठ्या शाळेत गेलो. मनात केवढे मांडे खाल्ले होते मी! वाटलं, आता मुलं रांगा लावतील, माझ्यासाठी भांडतील. आणि झालं काय? प्रयोगशाळेच्या बाईंनी मला काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. "हात लावायचा नाही. मोडेल!" हे त्यांचं ब्रीदवाक्य. बाई वाईट नव्हत्या हो. माझ्यावर त्यांचं फार प्रेम होतं. पण ते असं प्रेम, की ज्यात माणूस गुदमरून मरतो.

कपाट वर्षातून दोनदा उघडायचं. एकदा धूळ पुसायला, आणि एकदा पाहुणे येणार म्हणून. त्या दिवशी बाई माझा आरसा वळवून केस नीट करायच्या. माझा तेवढाच काय तो उपयोग. बाकी वर्षभर मुलं काचेपलीकडे उभी राहून माझं चित्र काढायची आणि भागांची नावं लिहायची. नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं वरचं भिंग, वस्तुभिंग, म्हणजे खालचं, आरसा, मंच. सगळ्यांना दहापैकी दहा. एका वर्षी माझ्या मंचाखाली कोळ्याने जाळं केलं, तर त्या वर्षी सबंध वर्गाने ते जाळंही काढलं. एका मुलाने तर त्याला बाण काढून 'जाळीदार भाग' असं नावही दिलं आणि त्याला त्याचा अर्धा गुण मिळाला. माझ्यातून आत डोकावून मात्र एकानेही पाहिलं नाही. अशी माझी एकोणीस वर्षं गेली.

मग एक दिवस नवा सूक्ष्मदर्शक आला. पांढराशुभ्र, दिवा लावलेला, वायर असलेला. बाईंनी मला बाहेर काढलं आणि त्याला माझ्या जागी ठेवून कुलूप लावलं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, त्या बिचाऱ्याला तर एकही मिळाला नाही. माझी रवानगी लिफ्टशेजारच्या कोपऱ्यात झाली. तिथे तीन पायांची बाकं होती, फुटका पृथ्वीगोल होता, आणि रद्दीवाला गुरुवारी येणार होता.

बुधवारी लिफ्ट बिघडली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात एवढी शुभ घटना दुसरी घडलेली नाही.

लिफ्ट दुरुस्त करायला एक काका आले. उंच, आडवे, हातभर ग्रीस, आणि ओठांवर झुबकेदार मिशी. काम उरकून हात पुसता पुसता त्यांची नजर माझ्यावर पडली.

"हे बिघडलंय?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"काय माहीत. कधी वापरलंच नाही."

"मग टाकताय कशाला?"

"जुनं झालंय ना."

"जुना तर मीही झालोय की," काका म्हणाले, आणि तडक मुख्याध्यापकांकडे जाऊन मला मागून घेतलं. स्कूटरवर पुढे पायाशी ठेवून मला नेलं. एकोणीस वर्षांनी मला वारं लागलं. मी सगळ्या रस्ताभर मनातल्या मनात ओरडत होतो.

आम्ही पोहोचलो ते एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत. काका तिथे रोज शाळा सुटल्यावर मुलांचा वर्ग घेत. विज्ञानाचा म्हणा, यंत्रांचा म्हणा. काका म्हणायचे, "उघडून बघायचा वर्ग." फी नाही, परीक्षा नाही. मुलं होती अकरा. ज्यांचे आईवडील संध्याकाळी सातपर्यंत कामावर असतात, अशी. वाचनालयाच्या बाईंनी कोणाला न विचारता खोली उघडून दिली होती. सामान म्हणाल तर जुन्या पंख्यांच्या मोटारी, वायरी, बॅटऱ्या आणि एक संगणक. तो चालू व्हायला इतका वेळ लावायचा की मुलं बटण दाबून पाणी पिऊन यायची. बसायला वर्तमानपत्रांचे गठ्ठे.

काकांचा नियम एकच होता, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची." तरुणपणी त्यांनी घाईघाईत एका लिफ्टच्या तीन वायरी एकदम बदलल्या होत्या. त्यानंतर तिसऱ्याचं बटण दाबलं की लिफ्ट सातव्या मजल्यावर जायची, आणि सातव्याचं दाबलं की पंखा चालू व्हायचा. नेमकं कशामुळे काय झालं ते शोधायला चार दिवस लागले. तेव्हापासून काका चहात साखर आणि दूधसुद्धा एकदम घालत नसत.

त्या अकरा जणांत एक मुलगी होती. शाळेत तिला सगळे शंकासूर म्हणायचे, कारण तिच्या शंका संपायच्या नाहीत. "बर्फ पाण्यावर का तरंगतो? मग लोणी का तरंगतं? मग मी का बुडते?" शाळेतल्या सरांनी तिला सांगून ठेवलं होतं, पुढचं पुढच्या वर्षी विचार. ती मुकाट्याने वहीत लिहून ठेवायची, आणि संध्याकाळी सगळी वही काकांपुढे उघडायची. काकांना निम्म्या गोष्टी माहीत नसत. ते बेधडक सांगत, "मला नाही माहीत. चल, बघू." ह्या दोन वाक्यांसाठी ती पोरगी दिवसभर वाट बघायची.

तिची आई एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती, दवाखान्यांच्या चादरींना इस्त्री करायला. काकांचा वर्ग निघाला त्यापूर्वी शंकासूर शाळा सुटल्यावर रोज तिथेच कपडे सुकवायच्या यंत्राशेजारी स्टुलावर बसायची. यंत्राचा आवाज इतका, की प्रश्न विचारला तरी ऐकू जायचा नाही. वर्गाचं तिला काय वाटत असेल, ते ह्यावरून ओळखा.

तर काकांनी मला गठ्ठ्यावर ठेवलं आणि सगळं सुटं केलं. एकोणीस वर्षांत ज्याच्या एकाही स्क्रूला कुणी बोट लावलं नव्हतं, त्याचे सगळे स्क्रू ह्या माणसाने अर्ध्या तासात काढले! अकरा मुलांनी माझा एकेक भाग हातात घेऊन बघितला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खरं सांगू? बरंही वाटलं. माझा वरखाली व्हायचा दांता आखडला होता. काकांनी त्याला लिफ्टचं ग्रीस लावलं.

"आता बघा, लोण्यासारखा चालतो की नाही!"

मग माझी नेत्रिका उघडून ते तिच्यावर वाकले, फुंकर मारली, कोणाच्या तरी विनोदावर खो खो हसले आणि झाकण फिरवून बसवलं. वरच्या नळीत काहीतरी खुपल्यासारखं मला तेव्हाच वाटलं. पण ह्या वयात काहीतरी खुपायचंच, म्हणून मी काणाडोळा केला.

पहिली पाळी शंकासुराची. मंचावर काचपट्टी, काचपट्टीवर कांद्याचा पापुद्रा. तिने डोळा लावला आणि माझा दांता हळूहळू फिरवत राहिली.

"विटा आहेत," ती शेवटी म्हणाली. "कांद्याच्या आत विटांची भिंत आहे!"

मित्रांनो, त्या क्षणासाठी मी जन्मलो होतो. माझा ऊर भरून आला.

"आणि भिंतीवर," ती पुढे म्हणाली, "एक प्राणी बसलाय."

एकच धांदल उडाली. अकराही जणांनी पाहिलं. प्राणी होता खरा! लांबलचक, कोयत्यासारखा वाकलेला, अंग काळं आणि डोकं पांढरं. त्याचं नाव लगेच ठरलं, वाकड्या. तेवढ्यात काकांना फोन आला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली होती आणि आत एक नवरदेव होता. काका धावले. आणि मुलं माझ्यावर तुटून पडली.

नळाचं पाणी ठेवलं, त्यात वाकड्या. दूध ठेवलं, त्यात वाकड्या. वाचनालयाच्या बाईंच्या कपातला थेंबभर चहा आणला, त्यातही वाकड्या. वर्गात एक मुलगा होता, ज्याच्या पोटात काही म्हणता काही राहायचं नाही. त्याला सगळे बातमीदार म्हणत. त्याने आपली थुंकी ठेवली. तिच्यातही वाकड्या निघाला तेव्हा तो गपकन खाली बसला आणि म्हणाला, "मी आता जगत नाही."

आणि मी? मी फुगून टम्म! एकोणीस वर्षं कपाटात काढलेल्या म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी नवा प्राणी शोधला होता. माझं चित्र आता पुस्तकात छापलं जाणार, जाळीदार भाग वगळून, असं मला स्पष्ट दिसत होतं. प्रत्येक ठिकाणी एकच वाकड्या का, आणि प्रत्येक वेळी तो त्याच कुशीवर का, एवढा साधा विचार माझ्या मनाला शिवला नाही. "सगळीकडे आहे!" असं शंकासुरानेच जाहीर केलं, आणि बातमीदाराने ते घरोघर पोहोचवलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात नुसता गोंधळ. पाण्याच्या कूलरची वायर कोणीतरी उपटली होती. रोज येऊन सगळी वर्तमानपत्रं जाहिरातींसकट वाचणारे एक गृहस्थ नाकाला रुमाल लावून दारातूनच मथळे वाचत होते. बाईंनी पाणी तीनदा उकळलं आणि तरीही कोणी प्यायलं नाही.

आणि मग वाचनालयाचे अध्यक्ष आले. ह्या अध्यक्षांना मागची खोली कधीपासून हवी होती. वाचनालयाच्या कार्यक्रमांसाठी त्यांनी दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या ठरवल्या होत्या, आणि त्या ठेवायला जागा नव्हती. आता त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

"शनिवारी मी स्वतः येऊन बघणार," ते म्हणाले. "किडा असेल तर ही खोली धोक्याची. किडा नसेल तर मुलं अफवा पसरवतात. काहीही असो, वर्ग बंद. सोमवारी इथे खुर्च्या येतील."

"मग बघायला तरी कशाला येताय?" बाईंनी विचारलं.

"बघितल्याशिवाय बंद करता येत नाही. नियम आहे."

काकांनी त्या संध्याकाळी स्वतः पाहिलं. वाकड्या दिसला. त्यांनी मिशी खाजवली, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, "माझा तर ह्याच्यापुढे काही इलाज चालत नाही रे. लिफ्टमध्ये असलं काही कधी बघितलं नाही." एवढा दांडगा माणूस, पण चेहरा उतरला होता. शंकासुराच्या आईला सात वाजता बाईंनी सगळं सांगितलं, तेव्हा ती लेकीला एवढंच म्हणाली, "असू दे. स्टूल आहे अजून तिथे." ती रागावली असती तर शंकासुराला जरा बरं वाटलं असतं.

शुक्रवारी शंकासूर सगळ्यांच्या आधी आली. डोळे सुजलेले. माझ्यासमोर बसली आणि वही उघडली. मला वाटलं, आता ही रडणार. पण तिने वहीत वरच लिहिलं, 'एका वेळी एकच गोष्ट', आणि कामाला लागली.

आधी पाणी बदललं. वाकड्या आहे. काचपट्टी साबणाने धुतली. आहे. काचपट्टी कोरडी करून, तिच्यावर काही न ठेवता बघितलं. आहे! तिची पेन्सिल थांबली. मग तिने काचपट्टीच काढून घेतली. आता मंचावर काही म्हणजे काही नव्हतं, खालून नुसता उजेड येत होता. आणि त्या उजेडात, पाणी ना कांदा, वाकड्या ऐटीत पहुडला होता.

तिने खालच्या भिंगाला हात लावला नाही. आरशाला लावला नाही. फक्त वरची नेत्रिका चिमटीत धरून हळूच गोल फिरवली. वाकड्या तिच्याबरोबर गर्रकन फिरला. उलट फिरवली. तो उलट फिरला.

तिने डोळा बाजूला घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अस्सं. म्हणजे तुझ्यातच आहे होय!"

मित्रांनो, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण मी अनेकदा ऐकली होती. ती इतकी शब्दशः माझ्यावर येऊन आदळेल असं वाटलं नव्हतं. गेला माझा नवा प्राणी, गेलं माझं पुस्तकातलं चित्र!

काका आल्यावर तिने त्यांना सगळं सांगितलं. काकांचा चेहरा उजळला. "शाब्बास! मग काय, आत्ताच उघडू आणि काय असेल ते काढून टाकू. उद्या अध्यक्षांना काही दिसायचंच नाही."

शंकासुराने मान हलवली. "काही दिसलं नाही, की आम्ही अफवा पसरवली असं ठरेल. नाहीतरी आम्ही पसरवलीच आहे."

"मग करायचं काय?"

"राहू दे आत. त्यांना त्यांचं शोधू दे."

"आणि नाही सापडलं तर?"

ती म्हणाली, "माहीत नाही." पण नेत्रिकेवर हात ठेवून बसली, कोणी उघडू नये म्हणून.

शनिवारी अध्यक्ष आले ते स्वतःची बाटली घेऊन. "हे माझ्या घरचं पाणी. तीनदा गाळलेलं, दोनदा उकळलेलं. ह्यात काही दिसणं शक्यच नाही." एक थेंब काचपट्टीवर ठेवला गेला. अध्यक्ष वाकले.

"काही दिसत नाही. सगळा अंधार आहे. मी म्हटलं नव्हतं?"

"आजोबा," शंकासूर म्हणाली, "तुम्ही दोन्ही डोळे मिटलेत."

त्यांनी एक उघडला. आणि मग अशी किंकाळी फोडली, की बाहेर मथळे वाचणारे गृहस्थ वर्तमानपत्रासकट पसार झाले.

"माझ्या पाण्यात! अहो, सकाळपासून तीन पेले प्यायलोय मी!" ते मटकन गठ्ठ्यावर बसले आणि पोट धरलं.

"आजोबा, आता ते पाणी पुसून टाका आणि परत बघा," शंकासूर म्हणाली.

त्यांनी पुसलं. "आहे! पाणी नाही, तरी आहे!"

"मग तो पाण्यात होता का?"

अध्यक्षांनी पोटावरचा हात काढला. "मग काचेवर असेल."

"काच काढून बघा."

"आहे! अगं, काच नाही तरी आहे!" आता त्यांचा आवाज बदलला होता. कोट काढून त्यांनी काकांच्या हातात दिला. "म्हणजे तो काचेवरही नाही. थांबा, कोणी सांगू नका मला. कोणी बोलायचं नाही!"

अकरा मुलं, काका आणि बाई श्वास रोखून उभे होते. बातमीदाराने तर दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. अध्यक्षांनी आरसा हलवला. वाकड्या जागच्या जागी. आरसा पहिल्यासारखा केला. मंच वरखाली केला. वाकड्या जागच्या जागी. कपाळावर घाम आला. मग चाचपडत त्यांची बोटं नेत्रिकेवर गेली आणि ती जराशी फिरली.

"फिरला!" ते ओरडले. "हा माझ्याबरोबर फिरतोय! अरे, हा ह्या नळीतच बसलाय, लबाड! मी शोधला! बाई, मी शोधला!"

"तुम्हीच शोधलात," शंकासूर म्हणाली. बाकीच्या दहा जणांपैकी एकानेही, हिने कालच शोधलंय, असा चकार शब्द काढला नाही. मी आजवर पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण एवढी मोठ्या मनाची मुलं नाही पाहिली.

नेत्रिका उघडली, चिमट्याने वाकड्याला बाहेर काढलं आणि काचपट्टीवर ठेवून सगळ्यांनी नीट पाहिलं. अध्यक्ष माझ्यावरून हटेनात. "केस आहे," त्यांनी निकाल दिला. "जाड, राठ केस. बुंध्याला पांढरा, आणि पुढे एकदम काळा. असा दोन रंगांचा केस असतो कोणाचा?"

आधी शंकासुराने वर बघितलं. मग बातमीदाराने. मग एकेक करून सगळ्यांच्या माना काकांच्या मिशीकडे वळल्या. काकांनी हाताने मिशी झाकली, पण फार उशीर झाला होता.

"रविवारी लावतो," ते पुटपुटले. "घरी माहीत आहे."

हसून हसून पोरं गठ्ठ्यांवरून खाली पडली. वाचनालयाच्या बाई डोळे पुसत बाहेर गेल्या. अध्यक्ष तेवढे हसले नाहीत. आपल्या काळ्याभोर भांगावरून हात फिरवत ते काकांच्या कानाशी गेले आणि हळूच म्हणाले, "टिकतो किती दिवस?"

हसणं ओसरल्यावर शंकासूर पुढे आली. "आजोबा, चूक माझी आहे. मी आधी रिकामी काच बघायला हवी होती. न बघताच 'सगळीकडे आहे' म्हणून सांगितलं. मी प्रत्येकाच्या घरी जाऊन खरं काय ते सांगीन."

"मी पण येतो," बातमीदार म्हणाला. "रस्ता मला माहीत आहे."

अध्यक्ष कोट घालायला लागले. एक बाही घातली आणि थांबले. "किडा असेल तर धोका, नसेल तर अफवा, असं मी म्हणालो होतो."

"आणि मुलांनी आपली चूक आपणच शोधून, तोंडावर सांगितली तर?" बाईंनी दारातून विचारलं.

"त्याला नियम नाही," अध्यक्ष म्हणाले. बराच वेळ ते दुसरी बाही शोधत राहिले. "पण खुर्च्या सोमवारी येणार म्हणजे येणारच. मी शब्द मागे घेत नसतो."

शंकासुराने खाली बघितलं. वही मिटली.

"तुम्ही किती जण आहात?" अध्यक्षांनी विचारलं.

"अकरा," काका म्हणाले.

"मग अकरा खुर्च्या ह्या खोलीत लावा. गठ्ठ्यांवर बसून कुठे विज्ञान होतं का? उरलेल्या जिन्याखाली रचा." ते दाराशी गेले, घुटमळले आणि मागे न बघता म्हणाले, "आणि एक बारावी."

"बारावी कोणाला?"

"देखरेख नको का कोणाची?" ते चिडून म्हणाले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

मुलांनी जो गिल्ला केला, त्याने मी मंचासकट हादरलो. शंकासूर तेवढी ओरडली नाही. ती माझ्या पायाजवळ डोकं टेकून बसली आणि पोटभर रडली.

सात वाजता तिची आई आली. दाराबाहेरूनच हाक मारली, "चल गं, बस जाईल." रोज अशीच दाराबाहेर उभी राहायची, आत कधी यायची नाही. शंकासुराने तिला हाताला धरून आत आणलं. आईच्या बाहीवर चादरीचा एक धागा चिकटला होता. तो शंकासुराने काढून माझ्या मंचावर ठेवला.

"बघ."

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं!"

"कळायला नको गं. नुसतं बघ."

आईने पदराला हात पुसले, दोनदा पुसले, मग घाबरत घाबरत नळीला हात लावला आणि डोळा टेकवला. बाहेर बस आली, थांबली, आणि निघून गेली. आई वाकलेलीच.

"हा चादरीतला धागा?" ती म्हणाली. "अगं, ही तर दोरी आहे. किती पीळ आहेत ह्याला! अकरा वर्षं रोज ह्यांच्यावरून इस्त्री फिरवते, आणि मला..." मग तिने डोळा न काढताच विचारलं, "हे एवढे पीळ का घालत असतील गं?"

शंकासुराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जन्मभर प्रश्न तिनेच विचारले होते. आज पहिल्यांदा कोणीतरी तिला विचारत होतं, आणि तीही तिची आई.

"माहीत नाही," ती म्हणाली. "सोमवारी ये. बघू."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी हात जोडून 'आम्हाला जपा' असं सांगायचं असतं म्हणे. मी एकोणीस वर्षं जपणूक भोगून आलोय, मला आणखी नको. तुमच्या शाळेच्या कपाटात माझा कुणी भाऊबंद बसलेला दिसला तर जाऊन किल्ली मागा. "मोडेल" म्हणतील. पुन्हा मागा. शाळा सुटल्यावर कोणी काका, कोणी ताई एखाद्या खोलीत काही उघडून दाखवत असतील, तर तिथे जा आणि जाताना आणखी दोघांना घेऊन जा. आम्ही चुकीचं दाखवलं तर आमच्यावरही शंका घ्या, मी रागावेन पण ऐकीन. आज माझ्या पितळेवर अकरा मुलांच्या, एका अध्यक्षांच्या आणि एका आईच्या बोटांचे ठसे आहेत. ते पुसायची मला मुळीच घाई नाही.